कारळाच्या चटणीचा डबा

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सौ. विहीणबाई यांना सुलेखाचा सप्रेम नमस्कार.

इकडं सगळे खुशाल आहेत असं आधी लिहायची आमची रीत आहे, म्हणून लिहिते. ह्यांचे गुडघे थंडीत दुखतात, बाकी ठीक. आमचे जावई जुनहोराव कसे आहेत? जेवतात का नीट?

तुमचं पत्र दिवाळीत पोचलं. राजकुमारनं वाचून दाखवलं. शेंद्र्याच्या कोरियन कंपनीत तो दुभाष्याचं काम करतो, अपेक्षाच्या शेजारच्याच टेबलाला बसायचा. हे पत्रही तोच तुमच्या भाषेत करणार आहे. त्याला बजावलंय, बाबा, एक शब्द गाळायचा नाही, माझी लाज राखायला तर मुळीच नाही.

तुम्ही विचारलंय, अपेक्षाला खायला काय आवडायचं. अठरा डिसेंबरला तिला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी तुमच्याकडं गेलेल्या माणसासमोर आवडीचं जेवण मांडतात म्हणे. आमच्याकडंही तसंच करतात. तीन आठवडे झाले, मी उत्तर लिहायला बसते आणि काहीतरी काम काढून उठते.

आवडीनिवडी लई होत्या तिच्या. गवार म्हटलं की तोंड वाकडं. वांगी काटेरी देठाचीच पाहिजेत. रविवारी सकाळी आम्ही दोघी औरंगपुऱ्याच्या मंडईत जायचो. चंपाबाई म्हणून आमची ठरलेली भाजीवाली, तिच्याशी अपेक्षा माझ्यापेक्षा जास्त हुज्जत घालायची आणि वर मूठभर कढीपत्ता मागून घ्यायची. घरी येताना कॅनॉटला थांबून मोमो खायचे. मला म्हणायची, आई, हे आपले उकडीचे मोदकच की, फक्त तिखट. मी म्हणायचे, मग दाखव गणपतीला नैवेद्य.

कंपनीत लागल्यावर तुमच्याकडचं खाणं घरात यायला लागलं. लांबलचक शेवया लाल रश्श्यात उकळून वर अंडं फोडायची, तीळ भुरभुरायची. ह्यांना तो वास चालायचा नाही. मी खिडकी उघडी ठेवायचे आणि तिच्या वाटीतलं चोरून चाखायचे. मला आवडायचं, पण तसं कधी म्हटलं नाही.

विहीणबाई, तुम्ही लिहिलंय की मी पाठवलेल्या तिळाच्या लाडवांची चव तुम्ही अजून विसरला नाहीत. त्याचं खरं सांगते. जुनहोराव इथं त्याच कंपनीत होते, सुट्टीवरून येताना तुमच्या हातचं कोबीचं लोणचं घेऊन आले होते, निळ्या झाकणाच्या डब्यात. लग्नाचं आम्हाला तेव्हा काही माहीत नव्हतं. अपेक्षानं डबा ओट्यावर ठेवला. मी झाकण उघडलं, तर आंबूस वास. मला वाटलं नासलंय. ती कामावर गेल्यावर सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकलं. संध्याकाळी पोरीनं रिकामा डबा बघितला. डबा घासला, पुसला. आलेला डबा रिकामा परत पाठवत नाहीत, एवढं वळण तिला मीच लावलेलं. त्यात तिनं गुलमंडीवरच्या दुकानातले लाडू भरले आणि तुम्हाला कळवलं, आईनं केलेत, आईला लोणचं फार आवडलं.

ते लाडू माझे नव्हते. मी तुम्हाला काहीसुद्धा पाठवलं नव्हतं.

पुढं तिनं कोर्टात लग्न केलं, हे तुम्हाला माहीत आहे. इकडं काय झालं ते तिनं तुम्हाला सांगितलं असेल असं वाटत नाही.

आमच्याकडं माणूस वारलं की त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. भावकीतलं कोणीतरी पिठलं-भाकरी घेऊन येतं. त्याला कडू घास म्हणतात. तो खायचा, म्हणजे गेलेलं माणूस गेलं हे कबूल करायचं. अपेक्षा तुमच्याकडं यायला विमानात बसली त्या दिवशी ह्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली आणि मला म्हणाले, गॅस पेटवायचा नाही. माझी जाऊ साळूबाई दुपारी पिठलं-भाकरी घेऊन आली. माझी लेक धडधाकट होती, आकाशात होती. आणि मी खाली बसून तिचा कडू घास खाल्ला. ह्यांनी जबरदस्ती केली असं म्हणता येईल, पण घास माझ्या हातानं माझ्या तोंडात गेला.

त्यानंतर ती रविवारीच फोन करायची. मंडईत मी एकटी असते हे तिला ठाऊक. मी हातात पिशवी धरून फोन वाजताना बघत राहायचे. दोन वर्षं तसंच. एकदाच उचलला, गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर. आवाज बारीक झाला होता. मला वाटलं लांबून येतोय म्हणून.

"आई, काय घेतेस?"

"वांगी."

"काटेरी बघून घे. आई, कारळाची चटणी कशी करतेस गं? इथं तोंडाला चवच नाही."

समोरून साळूबाई येताना दिसली. मी म्हटलं, "नंतर सांगते," आणि फोन ठेवला. ती आजारी आहे हे मला माहीत नव्हतं. मी तरी कुठं विचारलं? पुन्हा फोन आला नाही. मला करता आला असता. मी केला नाही.

अठरा डिसेंबरला संध्याकाळी राजकुमार दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. चहासुद्धा न घेता गेला. मी वाट बघत बसले, की आता कोणीतरी येईल. साळूबाईला कळवलं होतं. कोणी आलं नाही, विहीणबाई. आमच्या भावकीत तिचं अडीच वर्षांपूर्वीच उरकलेलं होतं. आठ वाजता हे म्हणाले, जेवायचं काय? मी गॅस पेटवला. लेक गेली त्या दिवशी मी वांग्याची भाजी केली, भाकऱ्या थापल्या. हे दीड भाकरी जेवले, मग न्हाणीत गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत. त्यांनाही मी काय बोलू?

तर तिला आवडायची कारळाची चटणी. कारळं म्हणजे काळं बारीक बी, तुमच्याकडं मिळायचं नाही. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं. लसूण, जिरं, सुकी लाल मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं, तेल सुटेपर्यंत. ती दह्यात कालवून खायची. तिला सांगायचं राहिलं, ते तुम्हाला सांगितलं.

आमच्याकडं तिचं वर्षश्राद्ध होणार नाही. त्या दिवशी मी मात्र गॅस पेटवणार नाही, कोणी काही आणो न आणो. पान तुम्हीच मांडा.

राजकुमार कंपनीच्या कामानं तिकडं येतोय, त्याच्याबरोबर डबा पाठवतेय. कारळं काल शहागंजातून मी एकटीनं निवडून आणली, आज कुटली. तिच्यापुढं ठेवाल तेव्हा एवढं सांगा, की ह्या वेळी डबा खरंच आईनं भरलाय.

तुमची अपराधी,
अपेक्षाची आई