आप्पा ताठ बसायचे

प्रिय आप्पा,

परवा परभणीला डॉक्टरांकडे जाऊन आले. महिनाभर उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, मान वळेना. त्यांनी पाठ दाबून पाहिली आणि लॅपटॉप कुठं ठेवून काम करता, म्हणून विचारलं. मी म्हटलं, पलंगावर, मांडीवर उशी घेऊन, पाच वर्षं झाली.

"पाच वर्षं?" ते म्हणाले. "घरात कुणी काही बोलत नाही का?"

मी हातातल्या कागदाची घडी घालत बसले. म्हणून आज तुम्हाला लिहितेय.

बोलणारे तुम्हीच होतात ना? जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलीत, रिटायर झाल्यावर कवायतीला मी एकटी उरले. आई गेल्यावर तुम्हाला सोबत हवी म्हणून मी पुण्याचं काम घेऊन सेलूला आले आणि दिवसभर पलंगावर वाकून विम्याचे फॉर्म तपासायला लागले. तुम्ही दारातून जाता-येता म्हणायचात, "शालू, मान बघ कुठं चालली. लय वाकायलीस. सरळ बस."

मग ती लॅपटॉपवरची मीटिंग. माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती, साहेब सगळ्यांसमोर सुनावत होते, आणि तुम्ही मागून आलात. "पाठ, शालू, पाठ." सगळे हसले. मी आवाज बंद केला आणि तुमच्यावर ओरडले, "आप्पा, ही तुमची शाळा न्हाई. परत माझ्या पाठीचं नाव काढू नका."

तुम्ही "बरं" म्हणालात. खरंच परत कधी काढलं नाहीत. एवढं कसं ऐकलंत माझं? एरवी साधी गोळी घ्या म्हटलं तरी ऐकायचा नाहीत.

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की तुम्ही लाकडी खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसायला लागलात. हातात पेपर, पाठ कुठंही न टेकवता, पाच वाजेपर्यंत. मला वाटायचं, करमत नाही म्हणून बसतात. खरं सांगू? कधीकधी रागही यायचा. एकदा म्हणालेसुद्धा, "थोडं सरका, उजेड अडवायलात." तुम्ही खुर्ची दाराशी नेलीत आणि तिथंही तसेच ताठ बसलात.

तुमच्या मणक्यातली गाठ सापडली तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्यात विचारलं, किती दिवस झाले दुखतंय? तुम्ही म्हणालात, "आत्ताच की." दोन महिन्यांत सगळं संपलं. या दिवाळीला वर्ष होईल.

परवा परभणीहून परतले तर बशीरचाचा ओट्यावर बसलेले. डॉक्टरांनी मानेला बांधलेला पट्टा बघून त्यांनी विचारलं, मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. तुमच्या शाळेतले चित्रकलेचे सर ते, किती बोलके माणूस. पण आधी चष्मा काढून पुसत राहिले.

मग म्हणाले, "बेटा, तुझ्या बापाला सहा महिने बसवत नव्हतं. संध्याकाळी माझ्या घरी यायचा अन् फरशीवर आडवा पडायचा. मी म्हणायचो, मग दुपारभर कशाला बसतोस रे? तर म्हणायचा, बोललं की पोरगी चिडती. समोर कुणी नीट बसलेलं दिसलं तर बघून तरी बसल. मला शपथ घातली होती, तिला सांगू नको म्हणून."

चाचा उठून घरी गेले. त्या दिवशी मी लॅपटॉप उघडलाच नाही.

आप्पा, दुखतंय एवढं तरी सांगायचं होतं. पाठीचं नाव काढू नका म्हणाले होते मी, पण माझ्या पाठीचं. तुमच्या नव्हे. आणि मी तरी एकदाही मान वर करून नीट का पाहिलं नाही? हाताच्या अंतरावर होतात तुम्ही.

आता दुपारी कापूस घेऊन जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांचा तेवढा आवाज येतो. दिवसभर माझ्याशी बोलणारी माणसं तळहाताएवढ्या चौकटीत असतात, आणि त्यांना मी खांद्यापर्यंतच दिसते. वाकले काय, न वाकले काय, कुणाला कळणार? कधी कधी संध्याकाळ होते आणि लक्षात येतं, की कामाव्यतिरिक्त आज आपण कुणाशी एक शब्द बोललो नाही.

काल बाजारातून टेबल आणलं, कोपराच्या उंचीचं. लॅपटॉपखाली तीन जाड वह्या ठेवल्या, म्हणजे नजर समोर राहते. डॉक्टरांनी दर तासाला उठून भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून उभं राहायला सांगितलंय, शंभर मोजेपर्यंत. मोठ्यानं मोजते. मध्येच आकडा चुकतो, मग परत एकपासून.

नेहमी ताठ बसेन असं काही म्हणत नाही. चार वाजले की मान जातेच खाली. पण एवढं कबूल करते आप्पा, दुखलं की सांगेन. तुमच्यासारखं गिळून बसणार नाही. कुणाला सांगायचं ते अजून कळत नाही. उद्या चाचांच्या घरी जाऊन बघते.

तुमची,
शालू