सीलच ओरडतात ते

४ ऑगस्ट

आले एकदाची! बसने फाट्यावर उतरवलं तेव्हा वारा असा सुटला होता की इथल्या ऑगस्टच्या थंडीसाठी घेतलेली माझी नवी लोकरीची टोपी उडून थेट समुद्राकडे निघाली. न्यायला आलेले ऊम आबेल पोट धरून हसले. म्हणाले, चला, वाऱ्याने आपला वाटा घेतला, आता तू इथली झालीस. सगळं गाव त्यांना ऊम, म्हणजे काका म्हणतं, म्हणून मीही. पूर्वी दीपगृहाचा दिवा तेच राखायचे. आता दिवा आपोआप लागतो, आणि ते फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला जुन्या गोष्टी सांगतात.

माझं काम सोपं आहे. पाहुण्यांना दीपगृह दाखवायचं आणि कड्याच्या काठाने जाणाऱ्या पायवाटेने फिरवून आणायचं. राहायला दिवेवाल्यांच्या जुन्या घरांतली एक खोली मिळालीय. खिडकीतून देवमासे दिसतात. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, मग खिडकी लावून झोप.

शेजारी आंटी मिर्ना राहतात. मी सामान उतरवतेय तोवर त्यांनी खिमा भरलेले गरमागरम तळलेले पाव आणून ठेवले. त्यांचे यजमान ऊम आयव्हन कड्याखालच्या खडकांवर उभं राहून गळ टाकतात. हसले की खोकला, खोकला झाला की पुन्हा हसणं. माझं फेझेका हे नाव त्यांच्या तोंडी बसेना. "फेसेका" म्हणाले. मिर्ना म्हणाल्या, "अहो, पोरीच्या आईने तिला झ दिलाय, तुम्ही तो का चोरता?"

१० ऑगस्ट

वाट आता पायाखालची झाली. कोरफडीला लाल तुरे आलेत, खडकांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. वाटेच्या मध्यावर कडा समुद्रात घुसलाय, त्याला इथे 'नाक' म्हणतात. खाली सील या समुद्री प्राण्यांचा कळप लोळत असतो. वास असा येतो की पाहुणे फोटो काढायचं विसरून नाक दाबतात.

ऊम आबेलनी आज मला बाजूला घेतलं. म्हणाले, धुकं असेल आणि नाकाखालून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. थांबायचं नाही, वाकून बघायचं नाही. गावात सगळ्यांना हे माहीत आहे. जे हाक मारतं ते माणूस नसतं.

मी हसले. म्हटलं, ऊम, मी विद्यापीठात शिकून आलेय. ते मात्र हसले नाहीत.

१६ ऑगस्ट

सकाळपासून दाट धुकं. अर्ध्या वाटेवर असताना ते उतरलं, पुढच्या माणसाची पाठसुद्धा दिसेना. सगळ्यांना एकमेकांच्या पिशव्या धरायला लावल्या आणि सुखरूप परत आणलं. ऊम आबेलनी पाठ थोपटली. एका बाईने तर मिठीच मारली. दमलेय.

१७ ऑगस्ट

ऊम आयव्हन काल घरी आले नाहीत. आज दुपारी बोटवाल्यांना सापडले. नाकाखाली. पाय घसरून कपारीत अडकले असावेत, भरती आली तोवर तिथेच होते, असं म्हणतात.

मिर्नांनी मला विचारलं, तू काल त्याच वाटेवर होतीस ना गं, काही ऐकू आलं?

मी नाही म्हणाले.

१८ ऑगस्ट

इथे तरी खरं लिहायला हवं.

नाकावर पोचलो तेव्हा खालून हाक आली. आधी नुसता आवाज, मग खोकला. मग स्वच्छ, "फेसेका! दोरी टाक गं पोरी, पाय अडकलाय." त्यांनी माझा आवाज ओळखला असणार, मी मोठ्याने सूचना देत होते.

माझ्या पाठपिशवीत दोरी होती.

मिठी मारणारी बाई तेव्हा थांबली होती. तिने विचारलं, खाली कुणी माणूस आहे का? माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो, सीलच ओरडतात ते." का म्हणाले? ऊम आबेलचं बोलणं डोक्यात होतं, असं मी म्हणू शकते. पण ते खोटं आहे. माझा झ खाणारं भूत कुठे असतं का? हाक कुणाची आहे ते मला कळलं होतं. मला खाली वाकायची भीती वाटली, आणि मी घाबरलेय हे त्या लोकांना दिसेल याची त्याहून जास्त. आणि एकदा सील म्हटल्यावर ते मागे कसं घेणार?

परत आल्यावर तरी सांगता आलं असतं. भरती यायला अवकाश होता. मी चहा प्यायले. दोन कप.

२३ ऑगस्ट

अंत्यसंस्कार झाले. चर्चमध्ये मिर्नांनी मला जवळ, घरच्यांच्या बाकावर बसवलं. पाद्रीबाबांनी पाहुण्यांना वाचवणारी शूर मुलगी म्हणून माझं नाव घेतलं. सगळ्यांनी माना वळवून बघितलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी आल्यावर मिर्नांनी माशाचं कालवण वाढलं. म्हणाल्या, खा, तुझ्या अंगावर मांस राहिलं नाही. मी खाल्लं. तेही गेलं घशाखाली.

२७ ऑगस्ट

आज लख्ख ऊन. धुक्याचा मागमूस नाही. नाकावर पाहुण्यांना पाणकावळे दाखवत होते आणि खालून खोकला आला.

मग हाक. तीच. रागाची नाही, शिव्या नाहीत. दोरी टाक गं पोरी.

बाकी कुणालाच ऐकू आलं नाही. मी कोरफडीबद्दल सांगत राहिले.

३० ऑगस्ट

रोज ऐकू येतं. आता फक्त नाकावर नाही. काल वाटेच्या वळणावर, कड्याच्या काठाखाली, आमच्या बरोबरीने सरकत होतं. आज दीपगृहाच्या जिन्यात, माझ्या खालच्या पायऱ्यांवर. ओल्या बुटांचा आवाज, मग खोकला.

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, अहो, मागचे गृहस्थ तुम्हाला बोलावताहेत का?

मी म्हणाले, मागे कुणी नाही. पुन्हा. पुन्हा तेच केलं मी.

वळून बघितलं तर पायऱ्या ओल्या. आणि म्हातारा माझ्याकडे असा बघत होता की—

२ सप्टेंबर

मिर्नांना सांगितलं. सगळं. त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. थांबल्या नाहीत.

म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. ते रोज संध्याकाळी दाराशी येतात. आत येत नाहीत, निथळत उभे राहतात आणि सांगतात, फेसेका वरून गेली, थांबली नाही."

मी विचारलं, मग मला जेवायला का घालत होतात? घरच्यांच्या बाकावर का बसवलंत?

"तू आपणहून कधी सांगतेस ते बघत होते. प्रत्येक घासाला वाटायचं, आता सांगेल." मग कणकेचे हात पुसले. "मला सांगून काय होणार गं? त्यांनी तुला हाक मारली होती. त्यांना ओ दे."

मी रडले. त्यांनी जवळ घेतलं नाही. बरं झालं.

४ सप्टेंबर

ऊम आबेलना सांगितलं, धुकं पडलं की मी नाकावर जाऊन ओ देणार. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, वेडी आहेस का! खाली एकटा आयव्हन आहे असं वाटतं तुला? त्यांनी माझ्या पिशवीतली दोरी काढून घेतली.

मिर्नांनी आयव्हनची दोरी दिली.

६ सप्टेंबर

धुकं. नाकावर आहोत, मिर्ना आणि मी. कठड्याच्या लोखंडी खुंटाला दोरी बांधलीय. हात मोकळे आहेत म्हणून लिहितेय. खरं तर खाली बघवत नाही, म्हणून.

हाक आली. मी ओ दिली. मोठ्याने. म्हटलं, मी आहे, ऊम आयव्हन, मी तेव्हाही होते. मला माफ करू नका, पण वर या.

खोकला थांबला. दोरी टाकली.

ताणली गेली.

—मिर्ना त्यांना नावाने बोलावताहेत. हळू, लहान मुलाला बोलावतात तसं—

वजन फार आहे. एका माणसाचं नाही. खुंट हलतोय. खाली पुष्कळ जण बोलताहेत, बायका पण. सगळे एकच म्हणताहेत. थांबा. थांबा हो.

ऊम आबेल धावत आलेत. हातात सुरी. काप म्हणताहेत, काप दोरी, पोरी, गावातला प्रत्येक जण कधी ना कधी इथून न थांबता गेलाय, ज्यांच्यासाठी थांबलो नाही ते सगळे वर येतील. म्हणजे हाक मारणारं माणूस नसतं, ही गोष्ट गावानेच बनवलेली. लाज वाटू नये म्हणून.

मी दोरीवर बसलेय. कापू देणार नाही. या वेळी नाही.

काठावर हात आला. आयव्हनचा नाही. लहान आहे, बोटांना शिंपल्यांनी कापल्याच्या खुणा. मुलीचा.

ऊम आबेलच्या हातातून सुरी पडली. ते म्हणताहेत, लेटी. माझी बहीण. शिंपले काढायला गेली होती, मी ऐकलं होतं गं, मी ऐकलं होतं— ते पाठ फिरवून तोंड झाकून बसलेत. ती त्यांच्याकडेच बघतेय. तिला चढता येत नाही. कुणीतरी हात द्यायला हवा. ते उठत नाहीत. मी वही ठेवते, मीच

—एका हाताने धरला. गार आहे. ती मला विचारतेय, दादा तेव्हा का थांबला