रमचा बोळा आणि लीलावतीचा गाल

मी जयनारायण बिसेसर, वय सत्तावन्न, वर्तमानपत्राचा कोरेंटाइन किनाऱ्यावरचा बातमीदार, बुद्धी ठिकाणावर आणि उरलेले दात जागेवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. प्रारंभीच एक तक्रार नोंदवणे भाग आहे. या घरात माझ्या दातांच्या ब्रशने पूजेचा लोटा घासला जातो. वडिलांनी मजकडून दंतधावनाचा सगळा विधी संस्कृतात पाठ करून घेतला होता. त्यात लोटा कुठेही नाही.

१. खांबांवरचे घर, अंगणातल्या आंब्यासह, माझी मुलगी लीलावती हिला.

२. टेबलाच्या खणातली दाताची सोन्याची टोपी सोनार रामसरूप याला परत. "सोनं चढलं की कीड शिवत नाही, भाऊ," असे सांगून त्याने ती माझ्या धडधाकट सुळ्यावर बसवली. आत दात कुजला. उपटतो म्हटले, तर म्हणाला, सुळ्याबरोबर त्या बाजूचा डोळाही जातो. सुळा जाऊन अकरा वर्षे झाली. हे दोन्ही डोळ्यांनी लिहितो आहे.

३. टाइपरायटर दातांच्या दवाखान्यातल्या मिस अडोनिस यांना. हिरड्यांतून रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका, हे त्यांचे म्हणणे मी तीनदा छापायला पाठवले. संपादकांनी तिन्ही वेळा त्या जागी क्रिकेट छापले.

४. बहीण धनमती हिला घराखालचा झुला, आणि तिथेच हयातभर राहण्याचा हक्क. वरच्या स्वयंपाकघरात तिने पाऊल ठेवू नये. कारण देणे कायद्याने आवश्यक नाही, मी देतो.

लीलावती तीन वर्षांची होती. माझी बायको इंद्राणी पुन्हा गरोदर होती आणि तिची दाढ सुजली. मी बातमीसाठी राजधानीत, जॉर्जटाउनला. इंद्राणी दवाखान्यात निघाली, पायांत चपला घातल्या, तर धनमती दारात आडवी उभी.

"पोटुशीच्या तोंडात सुई? पोर मेलेलं निघेल. लेकरागणिक एक दात जायचाच, वहिनी. गप दाढेत रमचा बोळा धर."

तिने धरला. सूज गळ्यात उतरली. न्यू ॲमस्टरडॅमच्या धक्क्यावर, नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेणाऱ्या बोटीची वाट पाहताना, तिचा श्वास कोंडला. ती आणि पोटातले लेकरू, दोघेही गेले. तेराव्याला बहीणबाई म्हणाल्या, दातानं का कुणी मरतं, नशिबानं मरतात. डॉक्टरने कागदावर नशीब लिहिले नव्हते. दाढ लिहिली होती.

५. मृत्युपत्रात एक मोठा दोष असतो, ते मेल्यावर लागू होते. लीलावतीला सातवा महिना आहे. शनिवारी ती डाळपुरी एकाच बाजूने चावत होती. विचारले, तर गाल धरून म्हणाली, "काही नाही हो बाबा. आत्यानं बोळा दिलाय."

म्हणून हा कागद माझ्या मरणापर्यंत कपाटात ठेवू नये. आजच तिच्या हातात द्यावा.

सही: जयनारायण बिसेसर
साक्षीदार: हरदत्त पर्सौद, शेजारी; विन्स्टन डी'अब्रू, टॅक्सीचालक
रोझ हॉल, कोरेंटाइन. सोमवार, १० नोव्हेंबर २०१४.

साक्षीदार क्रमांक दोनची टॅक्सी लीलावतीला दातांच्या दवाखान्यात न्यायला फाटकाशी उभी आहे. ती वर आहे आणि धनमती जिन्यात बसली आहे. पोर आज माझे ऐकेल की आत्याचे, मला ठाऊक नाही. मला भीती वाटते.