सासूचं वाक्य

महाळुंगे पडवळ,
मंगळवार, १५ मार्च २००५

चि. सौ. निर्मलास,

आण्णाचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. कांदा निघाला. तुझ्या आईचा गुडघा ठणकतो, पण ती ऐकते कुठं! तुझी आरती इथं मजेत आहे. काल दत्तामामाकडून दोनदा भेळ वसूल केली.

निमगाव सावाचा प्रयोग रंगला. 'लेक वाचवा'चं कलापथक आरोग्य खात्याचं, पण संवाद माझे, सासूही मीच. चौथी शिकलेल्या माणसाचा एक शब्द कोणी बदलत नाही. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "आण्णा, लोक सासूला हसतात आणि सुनेला विसरतात." मी म्हणालो, "बाई, तुमी सुई बघा, स्टेज मी बघतो."

ते राहू दे.

काल आरती तुझ्या आईचं लुगडं गुंडाळून माझी नाटकातली सासू करत होती. "देवाला पोरी टाकायला तुझाच पत्ता घावतो का गं?" मान, डोळे, सगळं बरोबर. मला इतका आनंद झाला, की मी चूक काढली. "आधी पदर खोचायचा, थांबायचं, मग बोलायचं."

"नाय आण्णा. आजी आधी बोलती, मग खोचती."

"कुठली आजी?"

"पिंपळवंडीची. आईला रोज म्हणती. मग समदी हसत्यात."

तिसऱ्या खेपेला मुलगा की मुलगी हे बघायला गुरुवारी तुला गाडीतून नेणार आहेत, हेही तिनंच सांगितलं.

निर्मला, तुमच्या गावच्या प्रयोगाला विहीणबाई पुढं बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मला वाटलं, त्यांनाही पटलं. तू धाकटीला घेऊन मंडपाबाहेर उभी होतीस, खाली मान घालून. आणि मी तुला काय विचारलं? "टाळ्या ऐकल्यास ना?"

आज सकाळी डॉक्टरबाईंकडे गेलो. टोमणा मारतील, असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "निर्मलाला काय हवंय?" मला सांगता येईना. माझ्या नाटकात सून नुसती रडते. तिला मी एकही वाक्य दिलेलं नाही.

हे पत्र दत्ताच्या हाती देतोय. तुला जायचं नसेल तर गाडीत बसू नकोस. गुरुवारी पहिल्या एसटीनं मी येतो, डॉक्टरबाईही येतात. बोलायचं ते त्या बोलतील, तू बोलशील. मी विहीणबाईंना एवढंच म्हणेन, ते वाक्य माझं आहे, मला परत द्या.

समोर बसून हे सांगायला धीर झाला नसता, म्हणून लिहिलं.

टाळ्या ऐकता ऐकता लेकीकडं बघायचा राहिलेला,
तुझा आण्णा