ब्रेक ठीक आहेत

यवतमाळ,
९ जानेवारी २०२६

ती. राजदीपदादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. माझं मत खाली वेगळं आहे.

१. बुधवारी आईच्या गुडघ्याच्या व्यायामासाठी बाबा तिला नेहमीप्रमाणे गाडीने यवतमाळला घेऊन आले होते.
२. परत जाताना घाटंजीत शिरल्यावर त्यांना चहाच्या टपरीसमोर थांबायचं होतं. गाडी थांबली नाही.
३. टपरीबाहेर किसनरावांची सायकल उभी होती. गाडी तिच्यावरून गेली आणि कडुलिंबाच्या ओट्याला लागून थांबली.
४. किसनराव आत चहा घेत होते. कुणालाही लागलं नाही.
५. बाबांनी सांगितलं, ब्रेक लागला नाही.
६. काल मेकॅनिकने गाडी तपासली. ब्रेक ठीक आहेत.

आता माझं मत. काल मी घाटंजीला गेले, तेव्हा आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, की मागच्या महिन्यात बाबा बाजारातून एकाच चपलेने घरी आले. दुसरी कुठे निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. ती तेव्हा हसली होती. मला हसता आलं नाही. त्यांना साखरेचा त्रास बरीच वर्षं आहे, आणि त्यात तळपायांना स्पर्श कळेनासा होतो. ज्याला चप्पल गेलेली कळत नाही, त्याला पायाखाली ब्रेक आहे की ॲक्सिलरेटर, हे कसं कळणार?

ज्या माणसाने सगळी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगवर काढली आणि कुणाला कधी धक्का लावला नाही, त्याला हे सांगायचं आहे. गाडी तू घेऊन दिलीस, म्हणून आधी तुला लिहिते. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी, म्हणजे १७ तारखेला, त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहे.

फोन केला नाही, कारण घरी बाबा फोन स्पीकरवर ठेवतात, आणि तू नेहमी गाडीतून बोलतोस. सिग्नल सुटला की तुझं वाक्यही सुटतं.

लोभ आहेच. तो उत्तरातही दिसावा.

अपेक्षा


पुणे,
१४ जानेवारी २०२६

चि. अपूस,
अ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र आहे की पंचनामा? किसनकाका आत चहा पीत होते ही गोष्ट चौथ्या क्रमांकावर ठेवायची असते का गं? तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत पोचेस्तोवर माझा जीव गेला होता. पुढच्या वेळी वाचलेल्या माणसाला पहिल्या क्रमांकावर घे.

पण गाडी काढून घ्यायचं मनात आणू नकोस. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. बाबा गावोगावची माणसं लग्नाला, परीक्षेला, बाळंतपणाला पोचवायचे, आणि आपण मावशीच्या लग्नाला निघालो की ऑटोवाल्याच्या मिनतवाऱ्या करायचो. तिथे गाडीतून उतरणाऱ्यांना सोफा आणि आपल्याला सतरंजी. मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी खिशातला रुमाल काढून फक्त आरसा पुसला. तो रुमाल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मला दोन उपाय सुचतात. एक, ऑटोमॅटिक गाडी घेऊ. दुसरा, शेजारच्या सोनूला ड्रायव्हर ठेवू. दुसऱ्याबद्दल मलाच शंका आहे. बाबा त्याच्या शेजारी बसले की पहिल्या वळणावरच विचारतील, का बे, गिअर टाकून राह्यला का पीठ दयून राह्यला. पोरगं तिथेच उतरून पळून जाईल.

आणि हे सगळं सोडलं, तरी आईला यवतमाळला कसं आणणार? त्या गुडघ्याने ती एसटीत चढणार आणि स्टँडपासून चालणार? मला तर इथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते.

मी येईपर्यंत बाबांना काही बोलू नकोस. तुझं बोलणं खरं असतं, पण फार सरळ लागतं.

तुझाच,
दादा


यवतमाळ,
१९ जानेवारी २०२६

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

शनिवारपासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून लिहिते. दादाने थांबायला सांगितलं होतं. बुधवार त्याच्यासाठी थांबत नाही.

डॉक्टरांनी तुम्हाला डोळे मिटायला सांगितले. तळव्याला नायलॉनचा धागा लागला की 'हो' म्हणायचं होतं. तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग तुम्ही विचारलंत, की सुरू कधी करणार. तेव्हा दोन्ही पाय तपासून झाले होते. मी समोर बसले होते. पाहिलं नसतं, तर कदाचित मीही गप्प बसले असते.

दादा ऑटोमॅटिक गाडी म्हणतो. तिचाही ब्रेक पायानेच लावायचा असतो.

आई यवतमाळला कशी येणार, हा दादाचा प्रश्न रास्त आहे. माझं कामच ते आहे. पायी चालणारा माणूस शहरात कुठे अडतो ते पाहायचं, आणि त्याचे नकाशे करून द्यायचे. बसस्टँडपासून दवाखान्यापर्यंत मी आईच्या चालीने दोन वाटा चालून पाहिल्या. मोठ्या रस्त्याच्या फूटपाथवर विजेची डीपी आहे, पाट्या आहेत, लावलेल्या गाड्या आहेत. सारखं खाली रस्त्यावर उतरावं लागतं. मागच्या गल्लीत सावली आहे आणि चढ नाही. तो नकाशा सोबत पाठवते. त्यावर अंतरं नाहीत, आईला त्यांचा उपयोग नाही. बसायच्या जागा दाखवल्या आहेत. औषधाच्या दुकानाची पायरी, शाळेचा कट्टा, विहाराबाहेरचं बाकडं.

डॉक्टरांचं म्हणणं आहे, की आईने चालायलाच हवं. गाडी दारात उतरवते आणि दारातून उचलते. ती व्यायामाला येते, पण व्यायाम तेवढाच होतो.

मी किल्ली मागत नाही. ते तुम्ही ठरवा. माझ्यावर रागावलात तरी चालेल, गाडी तेवढी चालवू नका.

आपली,
अपेक्षा


घाटंजी,
२५ जानेवारी २०२६

चि. अपेक्षा हिले,
अ. आ. अन् जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. तुह्या आईनं दोनदा वाचून दाखवलं. मले एकदाच पुरे होतं.

नकाशा चांगला काढला. पन बाई, डेपोतल्या मानसाले बसस्टँडची वाट दाखवते म्हनजे मासोयीले विहीर दाखवनं झालं.

किसनरावची सायकल मी दुरुस्तीले टाकली होती. रिंग नवीन बसवली, पुढच्या चाकाचा चिमटा सरळ केला. मिस्त्री म्हने, पोचवून देतो. मी म्हनलं, मोडली मी, पोचवीन बी मीच. बसलो अन् निघालो. डेपोत लागलो तवा सकाळच्या पह्यल्या गाडीले मी सायकलीवरच जात होतो. पाय इसरले असतीन, आंग नाही इसरलं. उतारावर भेव वाटलं. मंग ध्यानात आलं का याचा ब्रेक हातात हाय. हाताले समदं कळते. दाबला, थांबली. जिथं मनात होतं तिथंच थांबली. मंग टपरीसमोर उगाच चार खेपा दाबून पाह्यला. किसनराव बाहीर येऊन म्हने, धर्मपालभाऊ, सायकल देता का तिचं पासिंग करून राह्यले?

आता मुद्द्याचं. त्या दिवशी मी ब्रेकच दाबला असं मले वाटलं होतं. अजूनबी वाटते. तेच वाईट हाय. चुकलो असं वाटलं असतं तर पुढल्या खेपेले संभाळलं असतं.

किल्ली तुह्या आईले देली. तिनं ज्वारीच्या कोठीत टाकली. मी मांगतली तरी देऊ नको म्हनून मीच सांगतलं.

पन एसटीत बसाचं मले सांगू नको. निवृत्त मानसाचा पास भेटते, मी तो बी काहाडला नाही. ज्या गाडीचं स्टेअरिंग धरलं तिच्यात मांगच्या शिटवर बसू? ज्या पोराईले मी गिअर शिकवला ते आरशातून मले पाहतीन. तुह्यी आई शेजारच्या कांताबाईसंग येत जाईन. मी सायकल पाहून राह्यलो, जुनीच.

येळेवर जेवत जा. दुसऱ्याचे रस्ते मोजता मोजता सोताची चूल इसरू नको.

तुहा बाप,
धर्मपाल


घाटंजी,
५ फेब्रुवारी २०२६

चि. अपेक्षा हिले,
अ. आ. अन् जयभीम.

काल तू कामावर बाहीरगावी होती म्हनून भेट झाली नाही. फोनवर सांगू शकत नाही, हे इथंच बसून हाये.

ऐन येळेले कांताबाईच्या घरी पाहुने आले. मी म्हनली, एकटी जाते. हे म्हनले, स्टँडवर सोडून देतो. पायीच गेलो दोघं, माह्या चालीनं. स्टँडवर गाडी लागली होती. चालवनारा अमर, यायनंच शिकवलेला, अन् कंडक्टर लखीराम. मी चढली. हे खालून पिशवी देत होते तं लखीराम म्हने, भाऊ, पाहुन्यासारखे खाली कायले उभे? अमर तं केबिनचं दार उघडून उभा. म्हने, सर, इथं या, हे जागा तुमचीच हाय.

मले वाटलं, झालं. आता हे घरी पयतीन. पन चढले. केबिनजवळ उभे राह्यले. थोडा येळ स्टेअरिंगकडं पाह्यलं. मंग मांगं आले अन् माह्या बाजूले बसले.

पोरी, लग्नाले एवढे वर्सं झाले. एसटीत हे समोर अन् मी मांगं बायाईत. घरची गाडी आली तरी तेच. समोर बसलं का मले मळमळते, म्हनून मी मांगच्या शिटवर. प्रवासात मले यायची मान तेवढी पाठ हाय. तोंड काल पाह्यलं.

लखीरामनं मले अर्धं तिकीट देलं, यायले पुरं. मी म्हनली, घरात यायचं अर्धंच चालते, इथं तरी पुरं घेऊ द्या. समदे हासले. गाडी निघाली तशे हे पाय दाबू दाबू बसले. मोड आली का दाब, बैलगाडी दिसली का दाब. मी म्हनली, अहो, तिथं ब्रेक नाही. अन् असता तरी तुमाले कळला नसता. तोंडातून निंघून गेलं माह्या. आता चिडतीन म्हनून मी खिडकीकडं पाहू लागली. तं हे एवढे हासले का अमरनं आरशातून पाह्यलं. मंग पिशवीतले शेंगदाने काहाडले अन् सोलून सोलून माह्या हातावर ठेवले. यवतमाळ कवा आलं समजलं नाही.

तुह्या नकाशानं गेलो. शाळेच्या कट्ट्यावर मी बसली नाही, हेच बसले. मी उभी राहून यायले पानी देलं.

पुढल्या बुधवारी तू स्टँडवर ये. हे कोनता शर्ट घालाचा ते आतापासून पाहून राह्यले.

तुह्यी आई,
जया


यवतमाळ,
८ फेब्रुवारी २०२६

ती. राजदीपदादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

कुणालाही लागलेलं नाही. तुझ्या सूचनेप्रमाणे हे पहिलं लिहिलं.

आईचं आणि बाबांचं पत्र सोबत पाठवते. वाचून परत दे. त्यांत मला काही जोडायचं नाही.

तू येईपर्यंत थांबले नाही. त्याबद्दल रागावायचं असेल तर रागाव. तू सतरंजीबद्दल लिहिलंस, ते मी विसरलेले नाही. तुझी गाडी वाया गेली असं समजू नकोस. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला पायरी उतरता येत नव्हती, तेव्हा ती गाडी नसती तर तिचे व्यायाम सुरूच झाले नसते. गाडीचं काम झालं. आता आई चालते.

बाबांनी जुनी सायकल घेतली आहे. डॉक्टरांना विचारलं. बंद बूट घालायचे, रहदारीत जायचं नाही, आणि रोज पाय तपासून घ्यायचे, या अटींवर ते हो म्हणाले. पाय आई तपासते. तेव्हा दोघांचं जे भांडण होतं, ते गल्लीत ऐकू जातं. किसनराव आता सायकल टपरीबाहेर ठेवत नाहीत, आत नेतात. बाबा ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

काल घरी गेले होते. बाबांनी गाडी धुतली होती. काच, दारं, चाकं. शेवटी रुमाल काढून आरसा पुसला, आणि गाडीकडे पाठ करून सायकलला तेल घालायला बसले. विकायची तर धुऊन द्यावी, एवढंच ते म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या फोनची वाट पाहत बसायचे, पोचलो म्हणून सांगणाऱ्या. गेल्या बुधवारी तो फोन आला नाही, आणि मला ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मी त्या रात्री निवांत झोपले होते.

आता तुझ्याकडचं काम. गाडी तुझ्या नावावर आहे, विक्रीच्या कागदांवर तुझी सही लागेल. त्यासाठी मार्चमध्ये ये. तुझी गाडी आणू नकोस. बाबा तिच्या स्टेअरिंगकडे पाहत बसतील, आणि तू वाटेत झोपशील की काय याची चिंता आईला लागेल. रेल्वेने धामणगावला उतर, तिथून यवतमाळची बस मिळते. यवतमाळची नवी रेल्वे येईल तेव्हा येईल. आल्यावर एक बुधवार हातात ठेव, आणि आई-बाबांबरोबर घाटंजीहून बसने ये. मी स्टँडवर असेन. ते दोघांच्या शिटवर बसतात, म्हणून तुला मागची जागा मिळेल. तिथून दोघांच्या माना दिसतात.

गाडी विकायला तुझी संमती आहे का, आणि कोणत्या तारखेचं तिकीट काढतोस, हे शुक्रवार, २० फेब्रुवारीपर्यंत कळव.

तुझी,
अपेक्षा