बर्फाखालचा माग

बाबूजी,

तुमच्या हातमागासमोरच्या क्यालेंडरात जे बर्फाचं तळं होतं, तेथं मी एकटीच आली. इथलं गाव चूप आहे, तळं पुरं गोठलं. तुमी वारल्यावर आंधळगावचा माग आमी मोडून टाकला. पण सकाळपासून बर्फाखालून तोच आवाज येऊन राहिला. खटक, खटक, अन् तुमच्या लंगड्या पायाचा उशिरा पडणारा ठोका.

लॉजवाली म्हणते, "बर्फ तडकती है, बेटी. उधर मत जाना."

आता आवाज थांबला. कोशाचा रेशमी धागा तुटला की तुमी असेच थांबत होते, अन् जोडाले मलेच हाक मारत होते.

आज हाक नका मारू, बाबूजी. माही रिकामी बोटं आतापासूनच धागा वळून राहिली.

तुमचीच,
रेणू