हॉथॉर्नला बांधलेलं सूत

बॉथेल, १२ जून २०२५

चि. सौ. सुलेखा हिस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र, कारण तुझा दादा घरूनच काम करतो आणि मीटिंगपेक्षा माझ्या फोनकडे त्याचं लक्ष जास्त.

कुंपणाजवळचं काटेरी हॉथॉर्न त्याला मागच्या दारच्या लाकडी डेकसाठी तोडायचंय. शेजारच्या मॉरीन आजी आयरिश. त्यांचा जीव त्या झाडात. म्हणाल्या, एकट्या हॉथॉर्नखाली ‘भली मंडळी’ राहतात, आरी लावली तर घराचं वाटोळं. त्यांना पऱ्या म्हणायचं नाही, राग येतो. आपण रात्री सापाला लांबडं म्हणतो तसंच. दादा खो खो हसला. हाच विज्ञाननिष्ठ मनुष्य नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं चिरडून आला होता!

परवा वटपौर्णिमा. इथे अमेरिकेत वड कुठला? हॉथॉर्नलाच सूत गुंडाळलं. फेऱ्या मारताना असे काटे टोचले की सातही जन्मांची कल्पना आली. आजींनी खिडकीतून पाहिलं, ब्रेड घेऊन आल्या, विचारलं कोणासाठी. नवऱ्यासाठी म्हटल्यावर माझा हात थोपटत राहिल्या. झाड कसं वाचवू, सुचव.

माया आहेच, ती असू दे.
रत्ना

चँडलर, १८ जून

ती. वहिनीस शि. सा. न.

दादाचा फोन होता. महिनाअखेरीस आरीवाला येतोय म्हणे. वाद घालू नकोस, वादात त्याला ब्रह्मदेवही हरवणार नाही. पण हाच शूरवीर नागपूरला चिंचेखालून जाताना डोळे मिटून रामरक्षा म्हणायचा आणि दर वेळी नालीत पडायचा. आजींना जेवायला बोलव. तो हात थोपटण्याचा प्रकार मला साधा वाटत नाही.

अशीच पत्रातून चिमटे काढत राहा.
सुलेखा

बॉथेल, २७ जून

चि. सुलेखास आशीर्वाद.

बोलावलं. पुरणपोळी खाताखाता आजींनी खुलासा केला. त्यांच्या गावी विहिरीकाठच्या हॉथॉर्नला दुखण्याची चिंधी बांधतात. चिंधी कुजत जाते तसतसं दुखणं जातं. मग दादाकडे कीवेनं पाहत म्हणाल्या, तुझ्या बायकोनं झाडाला दुखणं म्हणजे नवरा असं सांगितलंय, सूतही बारीक आहे, ऑक्टोबरच्या पावसात सुटेल बिचारी.

दादाचा घास हातातच राहिला. सूत सोडून टाकतो म्हणाला, तर आजी म्हणाल्या, सोडणाऱ्याला ते दुखणं चिकटतं. झाडच तोडलं तर, असं त्यानं विचारलं. आजींनी छातीवर क्रॉसची खूण केली.

सकाळी पाहते तर स्वारी भिंग घेऊन झाडाखाली! आरीवाला कॅन्सल. कारण काय, तर डेकमुळे म्हणे घरात उजेड कमी येतो.

तुझी पापभीरू
रत्ना

बॉथेल, ३ जुलै

चि. सुलेखास आशीर्वाद.

वहिनीनं काहीबाही कळवलं असेल, विश्वास ठेवू नकोस. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. झाडाला केवळ आधार म्हणून दोरी हवी आहे. इथल्या पावसात सगळंच कुजतं. तूच जाड नायलॉनची बघ, मी इथे घेतली तर रत्ना हसेल. रंग पांढरा, सुतासारखा. रत्नाकडूनच बांधून घेईन. पौर्णिमा काय, दर महिन्याला येते.

हे तिला सांगू नकोस. दोरी आधी धाड, लोभ सवडीने वाढव.

तुझा दादा
शशिकांत